पट्टी बदलण्याची विद्या

मराठी भाषेने संगीताच्या कोठीतून जे शब्द उसने घेतले आणि परत केले नाहीत, त्यांत 'पट्टी' हा शब्द अग्रगण्य मानावा लागेल. रागावलेला माणूस चढ्या पट्टीत बोलतो. नळावरचे भांडण 'काळी पाच'मध्ये चालते. हे सांगणाऱ्याने जन्मात कधी पेटीला हात लावलेला नसतो, आणि काळी पाच ही पट्टी पेटीवर नेमकी कोठे असते हेही त्याला ठाऊक नसते. परंतु ती बरीच उंच असली पाहिजे, एवढे त्याच्या कानाला पक्के माहीत असते. आज ज्या विषयासंबंधी मला चार गोष्टी सांगावयाच्या आहेत, तो विषय या पट्टीचाच आहे. एखादे गाणे एका पट्टीत बसलेले असताना ते दुसऱ्या पट्टीत न्यावयाचे झाले, तर साथीच्या स्वरांचे, आणि विशेषतः त्या गाण्याखाली वाजणाऱ्या स्वरसंघांचे काय करावयाचे?

प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. परंतु त्यापायी कितीतरी गळ्यांचे नुकसान होत असते. जबलपूरचेच उदाहरण घेतो. येथील मराठी वस्ती जुनी आहे. १८१७ पर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे होता. पुढे इंग्रजी अमदानीत तो मध्य प्रांतात मोडला, आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर असल्यामुळे मराठी माणसांचे इकडे येणेजाणे चालूच राहिले. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होऊन नागपूर वेगळ्या राज्यात गेले, तरी कचेऱ्या, रेल्वे, तोफगाड्यांचा कारखाना आणि उच्च न्यायालय यांच्या निमित्ताने आलेली कुटुंबे येथेच राहिली. साहजिकच गणेशोत्सव आला, कोजागरी आली, की गाण्याचा कार्यक्रम ठरलेला. कार्यक्रमाला गाणाऱ्या मुली दहा असतात आणि पेटीवाला एक असतो. या पेटीवाल्याचा हात बहुधा एकाच पट्टीवर बसलेला असतो. समजा, काळी एकवर. पुरुषाच्या आवाजाला ही पट्टी सोयीची. मुलीला ती खाली पडते. अस्ताईतील मंद्र स्वर तिच्या घशातून नुसत्या वाऱ्यासारखे निघून जातात, ते पहिल्या रांगेपर्यंतही पोहोचत नाहीत. आणि कार्यक्रम संपल्यावर मंडळी म्हणतात, 'मुलगी बरी गाते, पण आवाजात दम नाही.' दम आवाजात नसतो असे नव्हे. तो दुसऱ्या पट्टीत असतो, आणि त्या पट्टीत जाण्याची वाट पेटीवाल्याला ठाऊक नसते.

पट्टी या शब्दाचे पेटीच्या संदर्भात दोन अर्थ होतात, ते आधी वेगळे केले पाहिजेत. बोटाखाली दाबली जाणारी लाकडी कळ हीही पट्टी, आणि ज्या कळीवर षड्ज मांडून गाणे सुरू करावयाचे तो स्वरही पट्टीच. एका सप्तकात सात पांढऱ्या व पाच काळ्या मिळून बारा कळी असतात. पाश्चात्त्य लोक जिला सी म्हणतात ती आपली पांढरी एक. तेथून क्रमाने पांढरी सातपर्यंत जावयाचे. काळ्यांची मोजणी निराळी: एक आणि दोन या पहिल्या तीन पांढऱ्यांच्या मधल्या फटींत, आणि तीन, चार, पाच या पुढल्या चार पांढऱ्यांच्या मधल्या फटींत. पांढरी तीन आणि पांढरी चार यांच्यामध्ये काळी नाही. तशीच पांढरी सात आणि वरची पांढरी एक यांच्यामध्येही नाही. ज्या दोन ठिकाणी काळी नाही, तेथेच पट्टी बदलणाऱ्याचा पाय घसरतो, हे आताच ध्यानात ठेवलेले बरे. पुरुषांचा षड्ज सामान्यतः काळी एकच्या आसपास आणि स्त्रियांचा काळी चारच्या आसपास असतो. दोहोंमध्ये सात अर्धस्वरांचे, म्हणजे एका पंचमाचे अंतर पडते.

आता एक गोष्ट आपल्या परंपरेच्या बाजूने मान्य केली पाहिजे. पट्टी बदलण्याची विद्या आपण अर्धीअधिक जन्मतःच शिकलेलो असतो. आपला 'सा' कोणत्याही एका जागी खिळलेला नाही. तो गाणाऱ्याच्या गळ्यानुसार वरखाली होतो, आणि बाकीचे सहा स्वर सैन्यासारखे त्याच्यामागे चालतात. पंडित भातखंडे यांच्या क्रमिक पुस्तकांतील एखादी चीज एक बाई काळी चारमध्ये गाईल, एक गृहस्थ काळी एकमध्ये गातील; पुस्तकातील एक अक्षर बदलावे लागणार नाही. युरोपीय लिपीत असे नाही. तेथे पाच रेघांवर मांडलेला प्रत्येक ठिपका एका ठरावीक उंचीच्या स्वराचा असतो, आणि पट्टी बदलली की अख्खे पान पुन्हा लिहावे लागते, किंवा पाहता पाहता मनातल्या मनात बदलून वाजवावे लागते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन कर्वेन या धर्मोपदेशकाने नॉर्विचच्या सारा ग्लोव्हर नावाच्या शिक्षिकेच्या कल्पनेवरून 'टॉनिक सोल्फा' नावाची पद्धत रूढ केली. तिच्यातला 'डो' आपल्या 'सा'सारखाच फिरता आहे. लिहिता-वाचता न येणाऱ्या रेघांपेक्षा सामान्य माणसाला ही अक्षरे सोपी गेली, यात नवल नाही.

मग आपली अडचण कोठे येते? ती येते पेटीशी. गळ्याला पट्ट्या नाहीत. तंबोऱ्याची खुंटी पिळली की झाले. तबलजी लहान तोंडाचा दुसरा तबला पुढे ओढतो. बासरीवाला पिशवीतून आखूड बासरी काढतो. सारंगियाला मात्र तरफांच्या तीस-पस्तीस तारा पुन्हा लावाव्या लागतात, म्हणून तो गवयाची पट्टी आदल्या दिवशीच विचारून ठेवतो. पेटीवाल्याला यांपैकी काहीच करावे लागत नाही; त्याचे सर्व स्वर तयार आहेत. फक्त त्याच्या बोटांना ते सापडत नाहीत. पांढरी एकवर षड्ज धरला तर शुद्ध स्वरांचे सप्तक नुसत्या पांढऱ्या कळींवर सरळ चालत जाते. तोच षड्ज काळी दोनवर नेला की सप्तकात तीन काळ्या आणि चार पांढऱ्या येतात, आणि सरळ रस्त्याची वळणावळणाची पायवाट होते. मनाला सरगम ठाऊक असते. बोटांना मात्र भूगोल ठाऊक असतो, आणि भूगोल बदललेला असतो.

एकेरी स्वर वाजविणाराची ही अडचण स्वरसंघ वाजविणाराला तिप्पट होते. स्वरसंघ म्हणजे ज्याला सर्वजण कॉर्ड म्हणतात तो: एकाच वेळी वाजविलेले तीन किंवा अधिक स्वर. आपल्या अभिजात संगीतात त्याला स्थान नाही, परंतु भावगीत, चित्रपटगीत, समूहगान आणि शाळेतील प्रार्थना यांत तो केव्हाच येऊन बसला आहे. त्याची घडण अगदी सोपी आहे. कोणतीही कळ घ्या, तेथून वर चार अर्धस्वर मोजा, आणि तेथून आणखी तीन मोजा. सा, शुद्ध ग, प असा शुद्ध संघ तयार झाला. हीच मोजणी आधी तीन व मग चार अशी केली, तर गंधार कोमल होतो आणि संघाला एक प्रकारची उदास छटा येते. त्याला आपण कोमल संघ म्हणू. पाश्चात्त्यांचे मेजर आणि मायनर ते हेच.

एक उदाहरण प्रत्यक्ष करून पाहू. समजा, एका गाण्याखाली चार संघ येतात, आणि ते गाणे पांढरी एकमध्ये बसविलेले आहे. पहिला संघ पांढरी एकचा, दुसरा पांढरी सहाचा पण कोमल, तिसरा पांढरी चारचा आणि चौथा पांढरी पाचचा. गाणारी म्हणाली, 'मला हे काळी दोनमध्ये पाहिजे.' आता दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग मोजणीचा. पांढरी एकपासून काळी दोन तीन अर्धस्वर वर आहे. म्हणून प्रत्येक संघ तीन अर्धस्वर वर सरकवावयाचा. हे बरोबर आहे, पण सावकाशीचे आहे. कागद-पेन्सिल घेऊन बसलेल्या माणसाला ते जमते. गाणे सुरू असताना पांढरी सहापासून तीन मोजता मोजता मध्येच ती काळी नसलेली फट येते, मोजणी चुकते, आणि गाणारी पुढल्या ओळीवर गेलेली असते.

दुसरा मार्ग नात्याचा. संघांना कळींची नावे न देता सरगमची नावे द्यावयाची. तो पहिला संघ षड्जाचा, दुसरा धैवताचा, तिसरा मध्यमाचा, चौथा पंचमाचा. सा, ध, म, प. आता षड्ज काळी दोनवर गेला, तर धैवत आपोआप पांढरी एकवर येतो, मध्यम काळी चारवर, पंचम काळी पाचवर. धैवताचा संघ येथेही कोमलच राहील, कारण षड्जाशी असलेले त्याचे नाते बदललेले नाही. ज्याने गाण्याची चाल सरगममध्ये पाठ केली आहे, त्याने संघही सरगममध्येच पाठ करावेत, एवढेच या मार्गाचे सार. ही गोष्ट सांगावयास सोपी आहे, परंतु गिटार आणि कळफलक शिकविणाऱ्या बहुतेक पुस्तकांत संघ इंग्रजी अक्षरांनी दिलेले असतात, आणि शिकणारा ती अक्षरे पाढ्यांसारखी घोकतो. अक्षर हे जागेचे नाव आहे. सरगम हे नात्याचे नाव आहे. घर बदलले तरी मामा तो मामाच राहतो.

पण काळी दोनचा मध्यम काळी चारवर आणि पंचम काळी पाचवर, हे क्षणार्धात आठवावे कसे? येथे एक साखळी फार उपयोगी पडते. कोणत्याही कळीपासून तिच्या पंचमावर जावयाचे, तेथून त्याच्या पंचमावर, आणि असेच पुढे. पांढरी चारपासून सुरुवात केली तर क्रम असा येतो: पांढरी चार, एक, पाच, दोन, सहा, तीन, सात, मग काळी तीन, एक, चार, दोन, पाच, आणि काळी पाचचा पंचम पुन्हा पांढरी चार. बारा कळी, प्रत्येक एकदा, आणि वर्तुळ पुरे. 'चार-एक-पाच-दोन-सहा-तीन-सात, तीन-एक-चार-दोन-पाच' हे दोन-चार दिवस गुणगुणले की जिभेवर बसते. मग कोणत्याही षड्जाच्या मागची कळ हा त्याचा मध्यम आणि पुढची कळ हा त्याचा पंचम. काळी दोनच्या मागे काळी चार आहे, पुढे काळी पाच आहे. वरच्या उदाहरणाशी ताडून पाहावे. पंचमाच्या पुढे रिषभ, त्याच्या पुढे धैवत, मग गंधार, मग निषाद. पुष्कळशा सोप्या गाण्यांना सा, म आणि प हे तीनच संघ पुरतात, आणि हे तीनही साखळीत शेजारी शेजारी बसलेले असतात. म्हणजे बाराही पट्ट्यांतील साथीची किल्ली या एका ओळीत आहे.

आता जिज्ञासू श्रोता विचारील की हे वर्तुळ इतके चोख मिटते कसे? खरे सांगावयाचे तर निसर्गतः ते मिटत नाही. ते मिटविलेले आहे, आणि त्यापायी आपल्या देशात मोठा वाद होऊन गेला आहे.

शुद्ध पंचम हा षड्जाच्या दीडपट कंपनांचा असतो. षड्जाची कंपने २४० धरली तर पंचमाची ३६०. हा दीडपट गुणाकार बारा वेळा केला तर उत्तर १२९.७५ च्या जवळपास येते. सात सप्तके वर जाण्यासाठी मात्र दुपटीचा गुणाकार सात वेळा करावा लागतो, आणि त्याचे उत्तर १२८ आहे. दोन्ही आकडे जुळत नाहीत. बारा शुद्ध पंचम चढून गेल्यावर आपण मूळ षड्जाच्या किंचित वर निघतो. हे अंतर अर्धस्वराच्या सुमारे एक-चतुर्थांश असते. चीनमधील राजपुत्र चू त्साय-यू याने १५८४ साली यावर हिशेब मांडला तो असा, की सप्तकाचे बारा अगदी समान भाग पाडावे. प्रत्येक अर्धस्वर मागल्याच्या सुमारे १.०५९५ पट. युरोपातही पुढे हाच तोडगा रूढ झाला. या हिशेबाने पंचम ३६० च्या ऐवजी ३५९.६ होतो, जे कानाला कळतही नाही. गंधाराला मात्र झळ बसते. नैसर्गिक शुद्ध गंधार ३०० चा. पेटीचा गंधार ३०२.४ चा. तंबोऱ्यातून निघणारा गंधार ज्याच्या कानात आहे त्याला पेटीचा गंधार चढा लागतो, आणि तो तसा आहेही.

पेटीचा मूळ अवतार पॅरिसमध्ये अलेक्झांडर देबँ याने १८४० च्या सुमारास तयार केला. पायाने भाता मारण्याचे ते वाद्य हिंदुस्थानात आले, बसून वाजविण्याजोगे लहान झाले, आणि मराठी संगीत रंगभूमीवर ऑर्गनच्या बरोबरीने जाऊन बसले. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकाने तिला केवळ साथीचे वाद्य राहू दिले नाही. १९११ सालच्या 'मानापमाना'च्या चालीही त्यांच्याच. परंतु तिच्या त्या चढ्या गंधारामुळे आणि तिच्यातून मींड निघत नसल्यामुळे १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओने तिला आपल्या केंद्रांवर मज्जाव केला. ही बंदी १९७१ साली अंशतः उठली. ज्या माध्यमातून आज मी पेटीविषयी बोलतो आहे, त्याच माध्यमाने तीस वर्षे तिचे तोंड बंद ठेवले होते, हे येथे नमूद करणे उचित होईल.

बंदीच्या पुष्कळ आधी काही विद्वानांनी हा दोष दुरुस्त करण्याचा प्रयत्न केला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला, आणि अर्नेस्ट क्लेमंट्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या सहकार्याने श्रुतींनुसार स्वर लावलेली हार्मोनियम सिद्ध झाली. देवल डेप्युटी कलेक्टर होते आणि क्लेमंट्स आय.सी.एस. होते, फायलींच्या ढिगातून डोके वर काढून गंधाराची कंपने मोजणारी ही जोडी मला, माझ्या पेशामुळे म्हणा, विशेष जवळची वाटते. १९१६ साली बडोद्यास भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत त्यांच्या या वाद्यावर बराच खल झाला. पण श्रुतिशुद्ध वाद्याची पट्टी बदलावयाची म्हटली की काय होते, ते पाहा. षड्ज २४०, रिषभ २७०, धैवत ४०० असे शुद्ध स्वर आपण पांढरी एकवरून लावले. आता गाणारी म्हणाली, 'मला पांढरी दोनचा षड्ज द्या.' पांढरी दोन म्हणजे आपला २७० चा रिषभ. त्याचा पंचम दीडपट, म्हणजे ४०५ चा पाहिजे. पेटीवर त्या जागी आहे ४०० चा धैवत. पाच कंपने कमी! हा पंचम कोणाच्याही कानाला बेसूर लागेल. म्हणून एकतर प्रत्येक षड्जासाठी वेगळ्या कळी ठेवा, किंवा पट्टी बदलण्याचे नाव काढू नका.

सारांश असा, की ज्या दोषासाठी पेटी आकाशवाणीच्या दाराबाहेर तिष्ठत राहिली, त्याच दोषाच्या पोटी पट्टी बदलण्याची सोय जन्मास आली आहे. बाराही षड्जांना तिने सारखेच थोडे थोडे खोटे स्वर दिले, म्हणून बाराही गळ्यांना ती सारखीच चालते. श्रुतिवाद्यांचे म्हणणे शास्त्रतः खरे आहे, आणि एकट्या गवयाच्या ख्यालाला तंबोरा व सारंगीच शोभते, हे मलाही मान्य आहे. तथापि ज्या सभागृहात एका संध्याकाळी दहा निरनिराळ्या आवाजांची मुले गाणार आहेत, तेथे हा तडजोडीचा गंधार मी आनंदाने पत्करीन.

आता कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? 'स्केल चेंजर' पेटी घ्यावी. या पेटीत एक खटका असतो. तो सरकविला की अख्खा कळफलक आतल्या सुरांवर एकेक घर सरकतो. काही पेट्यांत अशा नऊ पट्ट्या मिळतात, काहींत तेरा. बोटे आपली पांढरी एकचीच वाट चालतात आणि कानावर काळी दोन पडते. विजेच्या कळफलकावर हेच काम एका बटणाने होते, आणि गिटारच्या दांड्यावर कॅपो नावाचा चिमटा लावून. अमेरिकेतील प्रख्यात गीतकार आयर्व्हिंग बर्लिन हा जन्मभर मुख्यतः काळ्या कळींवरच, म्हणजे आपल्या काळी तीनमध्ये, वाजवीत आला. त्याच्या पियानोला खाली एक दांडा होता; तो फिरविला की पट्टी बदले. त्या पियानोला तो एका मोटारगाडीच्या नावाने 'ब्यूइक' म्हणत असे, आणि त्याचा असा एक पियानो वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात ठेवलेला आहे. शेकडो लोकप्रिय गाणी रचणाऱ्या माणसाचे ज्या दांड्यावर भागले, त्याची थट्टा करण्याचा अधिकार मला नाही.

तरीही त्या खटक्यात एक उणीव आहे. खटका लावलेल्या पेटीवर बोट दाबते एक स्वर आणि ऐकू येतो दुसरा. एकट्याने वाजवावयाचे असेल तर हरकत नाही. पण शेजारी गिटारवाला बसला, आणि त्याने 'आता काळी चारचा संघ घ्या' म्हटले, की खटकेवाला गोंधळतो. त्याच्या काळी चारमधून भलताच स्वर बाहेर पडतो. शिवाय एखादे गाणे शेवटच्या कडव्याला एक स्वर वर चढते, तेव्हा भाता मारावा की खटका सरकवावा? हात दोनच असतात.

जेथे सगळेच वादक वेगवेगळ्या घरांत राहतात, अशी एक जागा जबलपूरकरांच्या रोजच्या पाहण्यातली आहे. हे छावणीचे गाव. ग्रेनेडियर्स आणि जम्मू-काश्मीर रायफल्स या पलटणींची केंद्रे येथे आहेत, आणि लष्करी वाद्यवृंदाचे शिक्षण पचमढीस, म्हणजे फार दूर नाही, दिले जाते. लग्नाच्या वरातीतील बँडवाल्यांचीही वाद्ये तीच. त्यांतील नेहमीच्या क्लॅरिनेटवर कागदावरचा 'सी' वाजविला, तर कानावर पडतो तो आपल्या काळी पाचचा स्वर. आल्टो सॅक्सोफोनवर तोच 'सी' वाजविला, तर ऐकू येते काळी दोन. म्हणजे सर्वांनी मिळून पांढरी एकचा स्वर काढावयाचा असेल, तर क्लॅरिनेटवाल्याच्या कागदावर पांढरी दोन लिहावी लागते आणि आल्टो सॅक्सोफोनवाल्याच्या कागदावर पांढरी सहा. वाद्याचा आकार लहानमोठा झाला तरी वादकाची बोटे त्याच जागी पडावीत, म्हणून ही व्यवस्था. येथे पट्टी बदलण्याचे कष्ट वादकाचे नसून लिहिणाराचे असतात. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत अँथनी गोन्साल्विस आणि सेबास्टियन डिसूझा यांच्यासारख्या गोव्याच्या वाद्यवृंदकारांनी वर्षानुवर्षे हेच काम केले. पडद्यावर ज्यांची नावे क्वचितच आली, त्यांच्या या कागदांवर आपली कितीतरी आवडती गाणी उभी आहेत.

एक गल्लत मात्र टाळावी. षड्ज बदलणे आणि पट्टी बदलणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. पेटीच्या पाच काळ्या कळीच घ्या. काळी तीनला षड्ज मानून त्या क्रमाने वाजविल्या तर भूपाचे स्वर निघतात. त्याच पाच कळी काळी चारपासून वाजविल्या तर मधमाद सारंगाचे, काळी पाचपासून मालकंसाचे, काळी एकपासून दुर्गेचे आणि काळी दोनपासून धानीचे. कळी त्याच, षड्ज हलला, आणि राग बदलला. ही मूर्च्छना. पट्टी बदलताना याच्या उलट होते: षड्ज हलतो, पण आपले सगळे कुटुंब बरोबर घेऊन हलतो, म्हणून भूप भूपच राहतो. या दोन्ही गोष्टींचा मेळ घालून पंडित जसराज यांनी 'जसरंगी' हा जुगलबंदीचा प्रकार मांडला. त्यात गायक आणि गायिका आपापल्या पट्टीत, आपापल्या षड्जावरून दोन वेगळे राग गातात, आणि तरी दोघांच्या स्वरांच्या जागा एकमेकांत बसतात. बाईंना पुरुषाच्या पट्टीत ओढण्याची गरज पडत नाही.

राहता राहिला प्रश्न, की गाणारीला कोणती पट्टी द्यावी? पुष्कळ पेटीवाले तिला 'सा' लावावयास सांगतात आणि त्यावरून पट्टी ठरवितात. ही रीत अपुरी आहे. कारण एकटा षड्ज कोठेही सुखाने लागतो, त्रास होतो तो गाण्याच्या दोन टोकांना. म्हणून गाण्यातील सर्वांत उंच स्वर कोणता आणि सर्वांत खालचा कोणता, हे आधी पाहावे. समजा, गाणे मंद्र पंचमापासून तार गंधारापर्यंत जाते. गाणारीला ती वरची ओळच आधी म्हणावयास सांगावी, मोकळ्या गळ्याने, हसत म्हणता आली पाहिजे अशी. मग खालची ओळ. दोन्ही जेथे निभावतात ती तिची पट्टी, मग ती काळी असो की पांढरी. दोन्ही निभावत नसतील, तर खालची ओळ थोडी दबली तरी चालेल, वरची फाटता कामा नये. पट्टी ठरली की साखळीत तो षड्ज शोधावा, त्याच्या मागची आणि पुढची कळ पाहून घ्यावी, तिन्ही संघ एकदा हलक्या हाताने दाबून बघावेत. याला अर्धा मिनिट लागतो. तेवढ्यात तबलजीचे ठाकठोक करूनही होत नाही.

नव्याने शिकणाऱ्याने रोज एक षड्ज घ्यावा, साखळीच्याच क्रमाने: आज पांढरी एक, उद्या पांढरी पाच, परवा पांढरी दोन. या क्रमात दरवेळी शुद्ध सप्तकातील एकच कळ बदलते, त्यामुळे हाताला एकदम परका मुलूख लागत नाही. पांढरी एकमध्ये एकही काळी नाही, पांढरी पाचमध्ये एक, पांढरी दोनमध्ये दोन. एकच सोपे गाणे, तेच तीन संघ, आणि तोंडाने सरगम मोठ्याने म्हणत. बाराव्या दिवशी तो पांढरी चारवर पोहोचतो, आणि तेराव्या दिवशी पुन्हा पांढरी एकवर.